गुरुवारचा पाहुणा

१

ती गोष्ट १९५८ सालची, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. साल विसरणं शक्यच नाही, कारण त्या वर्षी एर्नेस्तीनच्या परसातल्या अक्रोडाला सगळ्या गावाच्या आधी, चांगलं पंधरा दिवस आधी, फळ उतरलं होतं. ते झाड तसं घाईला आलं नसतं, तर पुढचं काहीच उघडकीला आलं नसतं.

मोंफेराल हे पेरिगोरमधलं, व्हेझेर नदीकाठचं गाव. गावाच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर क्लेमांसबाईंची बागेतली खानावळ होती. पाटीवर ‘बिस्त्रो’ लिहिलेलं होतं, पण ती पाटी वेलीनं कधीच गिळून टाकली होती. अंजिराच्या झाडाखाली एक टेबल, द्राक्षाच्या मांडवाखाली पाच. बाराची घंटा झाली की लसणाच्या सूपचा वास कुंपण ओलांडून रस्त्यावर येई. गुरुवारी मात्र बिस्त्रो बंद. त्या दिवशी तालुक्याच्या गावी बाजार असे आणि अर्धं मोंफेराल तिकडे जाई.

शुक्रवारी सकाळी एर्नेस्तीन नदीवरच्या धुण्याच्या हौदाशी गुडघे टेकून चादरी घासत होती. ती गावची परटीण, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. सोलांज धावत आली. सोलांज म्हणजे बिस्त्रोतली स्वयंपाकीण. अनाथाश्रमातली पोर, बारा वर्षांची असताना क्लेमांसबाईंनी आणली आणि चौदा वर्षं सांभाळली. हातात बाजाराची टोपली तशीच होती. गुरुवारी ती बाजारगावी मैत्रिणीकडे राही आणि शुक्रवारी पहिल्या बसनं परते.

“मावशी, बाई उठत नाहीयेत.”

“दमल्या असतील गं. झोपू दे.”

“बागेत आहेत, मावशी. टेबलावर डोकं ठेवून. अंगावर कालचेच कपडे आहेत आणि केसांवर दव पडलंय.”

एर्नेस्तीननं हातातली चादर हौदात सोडून दिली.

डॉक्टर येऊन गेले. काळीज थांबलं, म्हणाले, काल दुपारी कधीतरी. वय एकाहत्तर, पूर्वीही एकदा छातीत कळ आली होती. यात नवल काही नाही. जाता जाता मात्र दारात थांबले. “लगेच गेल्या नसाव्यात. तास दीड तास जिवंत असतील. कुणी हाक मारली असती तर... माझं घर दोनशे पावलांवर.” त्यांनी टोपी घातली आणि वाक्य तसंच सोडून निघून गेले.

त्या काळी गावाचे कपडे धुणारी बाईच गावातली बाळं न्हाऊ घाली आणि मेलेल्यांनाही शेवटची आंघोळ घाली. एर्नेस्तीननं पाणी तापवलं. बाईंचा चेहरा पुसला, मान पुसली, मग हात धरले आणि ती थबकली.

हात स्वच्छ होते. पांढरेफेक.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ती स्वतः इथं आली होती. एका हातात इस्त्रीचे कपडे, दुसऱ्या हातात टोपलीत वीस अक्रोड, हिरव्या सालीसकट, झाडावरून नुकते उतरवलेले. बाईंनीच मागवले होते. “तुमचे दात तर बशीत असतात,” एर्नेस्तीन म्हणाली होती, “खाणार कोण?” आणि बाई गालात हसल्या होत्या. “आहे एक पाहुणा.”

ओल्या अक्रोडाची हिरवी साल सोलली की बोटं आधी पिवळी, मग दुसऱ्या दिवशी काळी होतात. पंधरा दिवस निघत नाहीत, साबण लावा की वाळू. तिथल्या पोरासोरालाही हे ठाऊक असतं.

टोपली रिकामी होती. वीसच्या वीस अक्रोड गेले होते. बाईंनी एकालाही हात लावला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सोलांजचा आवाज आला, कापरा. “मावशी, मिठाची पेटी उघडी आहे. आणि कागद नाहीये.”

२

कोणता कागद, ते सोलांजनं रडत रडत सांगितलं. बुधवारी संध्याकाळी क्लेमांसबाईंनी तिला चुलीपाशी बसवलं होतं. “हे बघ पोरी, मी माझ्या हातानं लिहून ठेवलंय. घर, बाग, चूल, सगळं तुला. मिठाच्या पेटीत आहे, तिथं ओल लागत नाही. एकदा जाणत्या माणसाला दाखवते, म्हणजे उद्या कुणी खुसपट काढायला नको.”

“जाणता माणूस कोण, ते बोलल्या?”

“नाही.”

“आणि हे बोलणं ऐकलं कुणी?”

“मांजरानं.”

शनिवारी दफन झालं. बाईंचा एकुलता पुतण्या रेमों बोर्दोहून आला. मोटारी विकायचा तो, आणि पंधरा वर्षांत काकूला त्यानं फक्त नववर्षाची पत्रं पाठवली होती. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडायला रांग लागली. एर्नेस्तीन शेजारी उभी राहून तोंडं न बघता हात बघत होती. रेमोंचे हात गुलाबी, अंगठीवाले. रस्ते दुरुस्त करणाऱ्या फिर्मँचे हात डांबरानं इतके काळे, की त्यावर अक्रोडाचं काय दिसणार! देल्बो मास्तरांच्या बोटांवर डाग होते, निळसर. शाई म्हणावी तर शाळा उघडायला अजून तीन आठवडे होते. लाकोंब साहेबांच्या हातात काळे दस्ताने. ते नोटरीच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होते. दुःखाच्या प्रसंगी दस्ताने घालणारा गावातला तो शेवटचा माणूस.

हे तिघं, फिर्मँ, मास्तर आणि लाकोंब, बिस्त्रोचे रोजचे जेवणारे. रोजच्या माणसाला तिथं स्वतःचा रुमाल असे. जेवण झालं की तो गुंडाळून दाराजवळच्या लाकडी फडताळात आपापल्या खणात ठेवायचा, आठवडाभर तोच वापरायचा. खण चार होते. पहिला क्लेमांसबाईंच्या नवऱ्याचा, जो १९१६ साली लढाईवरून परत आलाच नाही. तो रुमाल बेचाळीस वर्षं जेवायला कुणी उलगडला नव्हता, तरी दर आठवड्याला धुतला जाई. दुसरा फिर्मँचा, तिसरा मास्तरांचा, चौथा लाकोंब साहेबांचा. रुमालांवर बाईंनी लाल दोऱ्यानं आकडे भरले होते.

दफनानंतर बागेत जेवण झालं. सोलांजनं पाहुण्यांसाठी ठेवणीतले पांढरे रुमाल मांडले. लाकोंब साहेब बराच वेळ आत, अंधाऱ्या खोलीत एकटेच बसले होते.

“बावीस वर्षं जेवलेत इथं,” सोलांज हळूच म्हणाली. “बसू दे बिचाऱ्यांना.”

कॉफी आली तसा रेमोंनं घसा साफ केला. “कागदाबिगदाचं मी ऐकलंय. कुठाय कागद? आश्रमातल्या पोरीला महालाची स्वप्नं पडायचीच. बुधवारपर्यंत खोली रिकामी कर. दुपारी जेवून मी किल्ल्या घेईन.”

“बाईंनी लिहिलं होतं,” सोलांज म्हणाली.

“मग उंदरानं खाल्लं? आणि गुरुवारी सकाळी ही परटीण आली होती म्हणे. शेवटची तीच. तिलाच विचारा की!”

टेबलाटेबलांवरच्या माना आपल्याकडे वळताना एर्नेस्तीननं पाहिल्या. ज्यांची लंगोटं तिनं धुतली होती अशा माना. मास्तरांच्या हातून पेला पडला.

लाकोंब साहेब दारात आले होते. त्यांनी सोलांजच्या खांद्यावर दस्तानेवाला हात ठेवला. “मुली, मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारपणी माणूस पुष्कळ लिहायचं ठरवतो. लिहून होत नाही. कागद नसेलच.”

किती मायेनं म्हणाले! पण संशय हा लोकरीतल्या कसरीसारखा असतो. आता एर्नेस्तीनला त्या बागेत एकही माणूस धड दिसेना.

३

सोमवारी ती किराणा दुकानात साबण आणायला गेली. दुकानवाली ज्यूलिएत वजनापेक्षा बातम्या जास्त द्यायची.

“ऐकलंस का? गुरुवारी मास्तरांची सायकल सकाळपासून बिस्त्रोच्या भिंतीला टेकलेली होती. संध्याकाळी सहाला नेली. बिस्त्रो बंद, आणि हे दिवसभर काय करत होते तिथं? मी नाही हं म्हणत, लोक म्हणतात. आणि तो फिर्मँ! नदीवरच्या रस्त्यावर गुरुवारी फावडं होतं, फिर्मँ नव्हता. आणि रेमोंसाहेबांनी आज लाकोंब साहेबांना घेऊन घरातल्या सामानाची यादी केली म्हणे. लाकोंब साहेब कसे खंगलेत गं! शनिवारी संध्याकाळी आले, ब्लीचची बाटली घेऊन गेले, मोरी घासायला. वेळेवर लग्न केलं असतं तर...”

“साबण दे,” एर्नेस्तीन म्हणाली.

मास्तर शाळेमागच्या खोलीत भेटले. तिशीचे, लाजरे, गावात दोन वर्षांपूर्वी आलेले.

“मास्तर, सायकलचं काय ते सांगून टाका. गाव तुम्हाला भाजून खातंय.”

“मी... बसनं बाजारात गेलो होतो. सायकल भिंतीशी ठेवून.”

“बसनं सोलांज गेली होती.”

मास्तरांचे कान लाल झाले. “तिनं कुणाला सांगू नका म्हटलंय. आधी बाईंना सांगायचं होतं. आम्ही... रविवारी सांगणार होतो.”

“आणि हे निळे डाग?”

त्यांनी पलंगाखालून एक चौकट ओढली. नव्या निळ्या रंगानं अक्षरं काढलेली पाटी. जुनी वेलीनं खाल्ली म्हणून बाईंसाठी केलेली. मास्तर तिच्याकडे न बघताच बोलू लागले. “संध्याकाळी सहाला मी सायकल घेतली तेव्हा मध्ये फक्त कुंपण होतं, मावशी. मी आत वाकून बघितलंसुद्धा नाही.”

एर्नेस्तीननं त्यांना रडू दिलं. मग फिर्मँला गाठलं. तो रस्त्याच्या कडेला पाव आणि कांदा खात होता. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

“फिर्मँ, गुरुवारी कुठं उलथला होतास?”

“कामावर.”

“फावडं कामावर होतं. तू कुठं होतास?”

“तुला सरकारनं जमादार केलंय का गं?”

“अरे, त्या पोरीला परवा रस्त्यावर काढतायत. तिच्या हातचं सूप तू नऊ वर्षं ढोसतोयस.”

फिर्मँनं चाकूचं पातं मांडीला पुसलं आणि मिटलं. “दहाला गेलो होतो. तहान लागली होती. कामाच्या वेळेत ग्लास मारला हे वर कळलं तर माझी नोकरी जाईल, म्हणून तोंड बंद ठेवलं. बाई सूप ढवळत होत्या, अगदी खुशीत. अंजिराखाली दोन ताटल्या मांडलेल्या. म्हटलं, एक माझी का? म्हणाल्या, ‘तू तुझी वाईन पी, तोंड पूस आणि पळ. बाराला माझा पाहुणा यायचाय.’ मी प्यालो, तोंड पुसलं आणि पळालो.”

“तोंड कशानं पुसलंस?”

“कशानं म्हणजे? माझ्या रुमालानं.”

“आणि रुमाल कुठं ठेवलास?”

“खणात! आणखी कुठं? खिशात घालून नेतो का मी?” फिर्मँ तिच्याकडे बघतच राहिला. “एर्नेस्तीन? भूत बघितलंस का?”

ती तेव्हाच वाटेला लागली होती. गुरुवारी सकाळी आठ वाजता इस्त्रीचे कपडे घेऊन ती गेली होती, ते कपडे म्हणजेच हे चार रुमाल. तिनं स्वतः ते खणांत ठेवले होते. गुरुवारी बिस्त्रो बंद, शुक्रवारपासून सुतक. त्या रुमालांना हात लावण्याचं कारण कुणालाच नव्हतं. फिर्मँ लपूनछपून आला तरी रुमाल वापरून खणात ठेवून गेला. हाताला वळणच तसं. मग दुपारचा पाहुणा रोजचा असेल, तर त्याचा हात दुसरं काय करणार होता?

बिस्त्रोत कुणी नव्हतं. तिनं फडताळ उघडलं.

पहिला खण: स्वच्छ. दुसरा: वाईनचा गोल डाग, फिर्मँ खरं बोलला होता. तिसरा: स्वच्छ. चौथा: स्वच्छ.

एर्नेस्तीन खुर्चीवर बसली. एवढंच होतं हातात, तेही गेलं. चार रुमाल मांडीवर घेऊन ती निरोप घ्यावा तशी एकेकाला नाकाशी नेऊ लागली. ती राखेच्या पाण्यात कपडे उकळायची तेव्हा त्यात आयरिसच्या फुलझाडाची वाळलेली मुळी टाकायची. तिच्या आईची पद्धत होती ती. तिच्या हातचं कापड महिनाभर फिकट, गोड वासाचं राही.

पहिल्याला तो वास होता. दुसऱ्याला, वाईनखाली का होईना, होता. तिसऱ्याला होता.

चौथा रुमाल तिनं नाकाशी धरला आणि झटकन मागं घेतला.

४

बुधवारी दुपारी सोलांजनं शेवटचं जेवण रांधलं. जेवणाची अट रेमोंनं घातलीच होती, एर्नेस्तीननं आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या: टेबल अंजिराखालीच मांडायचं, आणि जमादाराला बोलवायचं. गावच्या पोलीस जमादारानं फुकटच्या जेवणाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

रेमों, जमादार, फिर्मँ, मास्तर आणि लाकोंब साहेब बसले. सूप आलं: लसणाचं, वर अंड्याचे तंतू, तळाशी पावाचे तुकडे. तळाशी दोन घास उरले तशी प्रत्येकानं रीतीप्रमाणे त्यात लाल वाईन ओतली, ताटली हलवली, दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. शाब्रो म्हणतात त्याला. तो केल्याशिवाय तिकडे जेवण लागत नाही.

“दस्ताने घालून शाब्रो करणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय,” फिर्मँ म्हणाला. “साहेब, ताटली चावते का?”

“कातडीचा विकार आहे,” लाकोंब साहेब शांतपणे म्हणाले. “डॉक्टरांनी हात झाकायला सांगितलंय.”

“कोणत्या डॉक्टरांनी?” एर्नेस्तीननं विचारलं. “आपल्या डॉक्टरांच्या चादरी मी सकाळीच दिल्या. ते म्हणाले, लाकोंब साहेब वर्षभरात आले नाहीत.”

एर्नेस्तीननं फडताळातले रुमाल आणून टेबलावर ठेवले.

“ज्याचा त्याचा घ्या. आणि खरं खरं सांगा, शेवटचा कधी वापरला? फिर्मँ?”

“गुरुवारी दहाला,” फिर्मँ जमादाराकडे न बघता म्हणाला.

“मास्तर?”

“बुधवारी. त्याच्यानंतर नाही.”

“लाकोंब साहेब?”

“मीही बुधवारी. त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही.”

“नक्की?”

“बाई, मी चाळीस वर्षं लोकांच्या सह्यांना साक्षीदार राहिलोय. नक्की म्हणजे नक्की.”

“मग माझं एक कोडं सोडवा,” एर्नेस्तीन म्हणाली. “बुधवारी रात्री हे चारही रुमाल मी नेले, धुतले, गुरुवारी सकाळी आणून ठेवले. फिर्मँचा मळला, ते त्यानं कबूल केलं. मास्तर, तुमच्या रुमालाचा वास घ्या. कसला येतो?”

“फुलांचा... आयरिसचा.”

“तो माझा वास. आता लाकोंब साहेबांचा घ्या, जमादारसाहेब.”

जमादारानं रुमाल नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. “ब्लीच!”

“मी आयुष्यात ब्लीच वापरलेलं नाही. त्यानं कापड कुजतं आणि लाल दोरा विटतो. आकडा बघा. फिर्मँचा दोन लाल, मास्तरांचा तीन लाल. हा चार गुलाबी झालाय. मी धुतलेला रुमाल, कुणी हात न लावलेला रुमाल, पुन्हा कुणी धुतला? मळला नव्हता तर का धुतला?”

“मी...” लाकोंब साहेबांनी ओठ पुसले. कशानं पुसावेत ते न कळून हाताच्या पाठीनं पुसले.

“मी सांगते. बाईंना कागद जाणत्या माणसाला दाखवायचा होता. गावात कायदा जाणणारा माणूस एकच. गुरुवारी बाराला तुम्ही आलात. सूप प्यालात, शाब्रो केलात, अक्रोड सोललेत. माझेच अक्रोड. गावात आणखी कुणाकडे पिकलेलेच नव्हते. बोटं रुमालाला पुसलीत. ओल्या सालीचा डाग तेव्हा दिसत नाही, पिवळट ओल दिसते नुसती. रुमाल गुंडाळलात, खणात ठेवलात. बावीस वर्षांचं वळण. दुसऱ्या दिवशी स्वतःची बोटं काळी पडलेली बघितलीत तेव्हा आठवलं असेल की रुमालही काळा पडला असणार. शनिवारी आत एकटे बसलात आणि तो घेऊन गेलात. तसाच ठेवून घेतला असता तर खण रिकामा दिसला असता. सोमवारी रेमोंसाहेबांबरोबर यादी करायला आलात आणि परत ठेवलात. सगळ्या गावात तोच एक रुमाल फार स्वच्छ आहे, साहेब.”

तिनं घरून आणलेला एक हिरवा अक्रोड त्यांच्यापुढे ठेवला. “माझं चुकत असेल तर दस्ताने काढा. हवं तर इथंच माफी मागते.”

लाकोंब साहेबांनी एकेक बोट सोडवत दस्ताने काढले, कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जाताना काढावेत तसे. दहा बोटांपैकी सहा काळी होती.

“कागद कुठाय?” रेमों ओरडला. त्याला वाटलं असेल, जळून गेला असेल.

“आहे,” एर्नेस्तीन म्हणाली. “चाळीस वर्षं सही-शिक्क्याचे कागद जपणाऱ्या माणसाच्या हातून सही असलेला कागद जाळला जात नाही. तेही वळणच. हो ना, साहेब?”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्याला मिठाचे बारीक कण अजून चिकटले होते.

“तारीख आहे, सही आहे,” ते म्हणाले. आवाज कचेरीतला होता, कोरडा. “चोख आहे. सगळं हिच्या नावावर. मी बावीस वर्षं या झाडाखाली बसलो. दर रविवारी फुलं आणली. मी काही मागितलं नाही कधी, पण माझं नावसुद्धा... मी तिला म्हटलं, क्लेमांस, एका आश्रमातल्या पोरीसाठी? आणि ती हसली. मला हसली. मग तिनं छातीवर हात ठेवला.”

“आणि तुम्ही?” सोलांजनं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

“मी... ताटली धुतली. साली नदीत टाकल्या. मला वाटलं, झोप लागली असेल.”

“रुमाल गुंडाळलात,” एर्नेस्तीन म्हणाली. “नीट गुंडाळून खणात ठेवलात. तेवढा वेळ होता. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनशे पावलं होती, साहेब.”



सोलांजनं कागद घेतला. शेवटपर्यंत वाचला. सूप संपलं की तिकडे ताटली पावानं पुसून पालथी घालतात आणि तिच्या पाठीवर चीज खातात. तसा तिनं तो कागद पालथा केला. मागच्या बाजूलाही अक्षर होतं. चार ओळी, खाली पुन्हा तारीख, पुन्हा सही.

तिनं मोठ्यानं वाचलं: “‘इपोलीत लाकोंब यांना जिवंत असेपर्यंत अंजिराखालच्या टेबलावर दुपारचं जेवण विनामूल्य द्यावं. अक्रोडाच्या दिवसांत ओले अक्रोड द्यावेत, ते त्यांना आवडतात. आणि आता पहिल्या खणातला रुमाल त्यांना द्यावा. फार वर्षं तो नुसताच पडून आहे.’”

बाई कशाला हसल्या होत्या ते आता सगळ्यांना कळलं. लाकोंब साहेबांनाही कळलं. त्यांनी कागदाकडे हात केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

५

रेमोंनं किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि बोर्दोला गेला. नववर्षाची पत्रं पुढेही येत राहिली, सोलांजच्या नावानं. बरी होती, म्हणे.

फिर्मँची नोकरी गेली नाही. कामाच्या वेळेतल्या त्या ग्लासाबद्दल जमादारानं कुठं चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी जेवणात बदक होतं. निवृत्त झाल्यावर फिर्मँ बिस्त्रोच्या बागेतले वाफे बघू लागला. एके दिवशी वाफ्यातच खुरपं हातात असताना गेला.

मास्तरांची निळी पाटी लागली. पुढच्या जूनमध्ये लग्न झालं, दोन मुली झाल्या. थोरलीच आता चूल सांभाळते. सूप जरा पातळ करते, पण आहे तेच सूप.

लाकोंब साहेबांना कोर्टानं सहा महिने दिले आणि वय पाहून ते भोगायला लावले नाहीत. ते गावातच राहिले. गावानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. सोलांजनं मात्र कागदातली एकही ओळ मोडली नाही. रोज बाराच्या घंटेला अंजिराखाली एक ताटली, एक ग्लास आणि पहिल्या खणातला रुमाल मांडला जाई. ते एकदाही आले नाहीत. कुंपणापलीकडून चालत जात, सूपचा वास आला की क्षणभर पाऊल मंदावे, आणि पुढे निघून जात. असं तीन वर्षं, चार महिने. मग एका फेब्रुवारीत ते पाऊलही थांबलं. शेवटची आंघोळ एर्नेस्तीननंच घातली. बोटं पांढरी होती.

एर्नेस्तीन पुढं खूप जगली. हात संधिवातानं वाकले, धुलाईयंत्रं आली, तरी बिस्त्रोचे चार रुमाल ती दर बुधवारी घरी नेई. सोलांज एकदा म्हणाली, “मावशी, पहिला आणि चौथा आता कोण वापरतंय? ठेवून देऊ या.”

“वापरत नाहीत म्हणून मळत नाहीत असं कोण म्हणालं?” एर्नेस्तीन म्हणाली आणि दोन्ही रुमाल राखेच्या पाण्यात टाकले, आयरिसची मुळी टाकली, आणि झाकण ठेवलं. चारचा आकडा पुन्हा कधी लाल झाला नाही. ब्लीचचा वास मात्र दुसऱ्या धुण्यालाच गेला होता.